नॅस सतत गायब होतंय? रिस्टार्ट करायच्या आधी हे बघा

बेळगावच्या शहापुरातल्या एका फोटो स्टुडिओतून गेल्या वर्षभरात मला इतके फोन आले, की रिंग वाजली की मीच आधी विचारायचो, "अण्णा, झेड ड्राइव्ह ना?" पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "व्हय की. परत दिसंना झालंय बघ."

स्टुडिओत तीन कॉम्प्युटर आहेत. एकावर व्हिडिओ एडिटिंग, एकावर अल्बम डिझाइन आणि काउंटरवरच्या तिसऱ्यावर बिलं नि पासपोर्ट फोटो. आधी पेन ड्राइव्ह आणि पोर्टेबल हार्ड डिस्कची ने-आण चालायची. एका लग्नाचा डाटा तीनशे जीबीच्या घरात गेल्यावर त्याला कंटाळून त्यांनी दोन डिस्कचं नॅस घेतलं, म्हणजे राउटरला जोडलेली, सगळ्या कॉम्प्युटरना मिळून वापरता येणारी डिस्कची पेटी. डिस्क ४ टीबीच्या आणि मांडणी रेड १ ची, म्हणजे एकीवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीवर. (विंडोज ४ टीबीचे ३.६४ दाखवतं. दुकानदारानं फसवलेलं नाही, मोजायची रीत वेगळी आहे.) पंधरा दिवस बिनबोभाट चाललं. मग दर आठ-दहा दिवसांनी झेड ड्राइव्हवर (कॉम्प्युटरवर नॅसचं फोल्डर याच नावानं दिसतं) लाल फुली यायला लागली. कामावरचा पोरगा नॅस बंद-चालू करायचा, नाही जमलं तर राउटरही करायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर यायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

खरा घोळ त्या बंद-चालू करण्यातच आहे. रिस्टार्ट केलं की नॅस परत येतं, पण ते का गेलं होतं याचा मागही पुसला जातो. गायब व्हायची कारणं चार-पाच आहेत आणि बाहेरून सगळ्यांचं तोंड एकच, लाल फुली. म्हणून मी अण्णांना एकच अट घातली. पुढच्या वेळी गेलं की कशालाच हात लावायचा नाही, मला फोन करायचा आणि मी येईपर्यंत चहा प्यायचा.

गायब असताना काय बघायचं

आधी बघा, एकाच कॉम्प्युटरवर गायब आहे की सगळ्यांवर. या एका प्रश्नानं निम्मं काम होतं. एकावरच नसेल तर नॅस जिवंत आहे, घोळ त्या कॉम्प्युटरच्या आणि नॅसच्या जोडणीत आहे, त्याचा भाग खाली आहे. सगळ्यांवरच नसेल तर पुढे चला.

मग नॅसचे दिवे. सगळे विझलेले असतील तर प्रश्न विजेचा किंवा अडॅप्टरचा. डिस्कचा दिवा लाल किंवा केशरी असेल तर थांबा, खाली डिस्कचा भाग आहे तो आधी वाचा. दिवे हिरवे आणि लॅनचा दिवा लुकलुकतोय, तर नॅस जिवंत आहे, फक्त तुम्हाला सापडत नाही.

आता कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' लिहा, एक स्पेस द्या आणि नॅसचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा घर नंबर, टाका. समजा तो १९२.१६८.१.५ आहे. (मी इथं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. एका गृहस्थांनी खरंच मराठी आकडे टाकून अर्धा तास घालवला होता.) 'रिप्लाय' आला तर त्या पत्त्यावर कुणीतरी आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर तिथं कुणी राहतच नाही.

'कुणीतरी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या दिवशी स्टुडिओत पिंगला उत्तर झकास येत होतं, तरी ड्राइव्ह उघडत नव्हता. अशा वेळी 'एआरपी', स्पेस, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून 'ए' लिहायचं. कोणत्या आयपीवर कोणता मॅक पत्ता बसलाय त्याची यादी येते. मॅक पत्ता हा त्या उपकरणाचा जन्मजात नंबर. नॅसचा नंबर त्याच्या खालच्या किंवा मागच्या स्टिकरवर असतो. वाचायला म्हणून चालू नॅस उचलून उलटं करू नका, आत डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. मी मोबाइल खाली सरकवून स्टिकरचा फोटो काढला आणि दोन्ही नंबर शेजारी ठेवून बघितले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. यादीतल्या नंबराचं दुसरं अक्षर ई होतं. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं, की तो सहसा मोबाइलनं स्वतःची ओळख लपवायला तयार केलेला बनावट नंबर असतो. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या नॅसच्या जागेवर कुणाचा तरी मोबाइल बसलाय." पोरग्यानं खिशातून फोन काढून वायफाय बंद केलं. पिंगचं उत्तर बंद झालं.

करंट जातो तेव्हा काय होतं

आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या वळवात आणि पुढं पावसाळ्यात करंट जाणं-येणं चालूच असतं. खानापूर, जांबोटीकडं तर विचारूच नका. करंट आला की राउटर मिनिट-दोन मिनिटांत तयार होतो. बरेचसे स्वस्तातले राउटर कुणाला कोणता पत्ता दिला होता ती वही बंद होताना विसरतात. मोबाइल बॅटरीवर चालतात, ते आधीच टपून असतात, राउटर उठला की लगेच जोडले जातात. नॅसला मात्र डिस्क फिरवून, फाइल सिस्टिम तपासून उभं राहायला चार-पाच मिनिटं लागतात. तोवर पाच नंबर दुसऱ्याला गेलेला असतो. मग नॅसला मिळतो अकरा किंवा सतरा. कॉम्प्युटरवरचा झेड ड्राइव्ह मात्र अजून पाच नंबरच्या दारावर थाप मारत बसलेला असतो.

उलटंही होतं. नॅस आधी उठलं आणि राउटर अजून झोपेत असला, तर पत्ता द्यायला कुणी नसतं. मग नॅस स्वतःलाच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता लावून घेतं. असा पत्ता कुठंही दिसला तर समजायचं, याला राउटर भेटलेलाच नाही.

उपाय सोपा आहे. ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा, डीएचसीपीच्या (पत्ते वाटायच्या) सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा (काही राउटर त्याला 'स्टॅटिक लीज' म्हणतात), तिथं स्टिकरवरचा मॅक आणि हवा तो आयपी टाकून सेव्ह करा. ही यादी राउटर विसरत नाही. नॅसमध्ये पत्ता 'ऑटोमॅटिक'च राहू द्या. काही जण नॅसमध्येच पक्का पत्ता लिहितात. तेही चालतं, पण मग तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर नॅसला २० द्या. मला स्वतःला रिझर्व्हेशनच बरं वाटतं. इंटरनेटवाला येऊन राउटर बदलून गेला आणि नव्याचा पट्टा १९२.१६८.० चा निघाला, तर पक्का पत्ता लिहिलेलं नॅस जुन्याच गल्लीत अडकून पडतं आणि ते शोधायला लॅपटॉपचा पत्ता हातानं बदलावा लागतो. रिझर्व्हेशन असेल तर फक्त नव्या राउटरवर पुन्हा नोंद करायची. मात्र दोन्ही उपाय एकदम करून दोन वेगळे पत्ते टाकू नका. तसं केलेलं निस्तरायला मी अनगोळला दोनदा गेलोय.

शेवटी जुना झेड ड्राइव्ह 'डिस्कनेक्ट' करून त्या पत्त्यानं नव्यानं मॅप करा, म्हणजे जोडा. दोन उलट्या तिरक्या रेघा, आयपी, एक उलटी तिरकी रेघ, फोल्डरचं नाव.

'नेटवर्क'मध्ये नाव दिसत नाही, पण पत्ता टाकला की उघडतं

हा बिघाड म्हणावा असा नाहीच. पूर्वी विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत शेजारचे कॉम्प्युटर दिसायचे ते एसएमबी १ नावाच्या जुन्या पद्धतीच्या जोरावर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून जगभर पसरला आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमधून ती टप्प्याटप्प्यानं काढायला सुरुवात झाली. यूट्यूबवर अजूनही सगळे 'एसएमबी १ चालू करा' म्हणून सांगतात. करू नका. नॅसमध्ये किमान एसएमबी २ ठेवा आणि 'डब्ल्यूएस-डिस्कव्हरी' चालू करा, नाव दिसायला लागेल. नाही दिसलं तरी पत्त्यानं मॅप केलेल्या ड्राइव्हचं काही अडत नाही.

एकाच कॉम्प्युटरवर गायब

रिझर्व्हेशन करून आल्यावर दोन महिने फोन नव्हता. मग आला. या वेळी दोन कॉम्प्युटर ठीक होते, फक्त एडिटिंगसाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह उघडेना. अण्णांचं निदान तयार होतं, "लॅपटॉपच खराब दिला बघ त्येनं."

लॅपटॉप चांगला होता. सुरुवातीला कटकट नको म्हणून नॅसवर 'गेस्ट'ला मोकळा प्रवेश ठेवला होता, पासवर्ड नव्हताच. विंडोज ११ ची २०२४ मध्ये आलेली २४एच२ आवृत्ती प्रो एडिशनवर पाहुण्यासारखं आत जाऊ देत नाही आणि समोरच्याकडून डाटाच्या प्रत्येक पाकिटावर (तुकड्यावर) सही मागते. पाहुण्याला सही करता येत नाही, त्यामुळे दार बंद. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) फेरफार करून हे बंद करता येतं, पण ज्या नॅसवर शेकडो लोकांच्या लग्नांचे फोटो आहेत त्याला कुलूप नसणं मुळातच चूक होती, आणि ती माझी होती. मी नॅसवर तिघांची तीन खाती काढली, पासवर्ड दिले आणि काउंटरवरच्या खात्याला फक्त वाचायची परवानगी दिली.

त्यानंतरही जुन्या एका कॉम्प्युटरवर 'एकापेक्षा जास्त युजरनेमनं जोडता येत नाही' अशा अर्थाची चूक आली, नंबर १२१९. विंडोजला एका सर्व्हरवर एका वेळी एकच नाव चालतं आणि त्यानं मागचा पाहुणा धरून ठेवला होता. 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून नॅसच्या नावाच्या आणि आयपीच्या सगळ्या जुन्या नोंदी काढल्या, साइन आउट करून आत आलो, काम झालं. नॅसवर पासवर्ड बदललात की प्रत्येक कॉम्प्युटरवर ही साफसफाई करायची. नाहीतर जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवून कॉम्प्युटर स्वतःलाच ब्लॉक करून घेतो आणि तुम्ही परत नॅसला शिव्या घालता.

सकाळी कॉम्प्युटर लावल्याबरोबर लाल फुली येते आणि डबल क्लिक केलं की जाते, हे वेगळं प्रकरण. विंडोज नेटवर्कच्या आधी तयार होतं, एवढंच. आणि दुपारी जेवून आल्यावर पहिलं फोल्डर उघडायला दहा-बारा सेकंद लागत असतील तर डिस्क झोपल्या होत्या. नॅसच्या पॉवर सेटिंगमध्ये झोपेची वेळ वाढवा.

दिसतं, पण कॉपी करताना मध्येच तुटतं

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं शूटिंग रात्रभर करून आलेला पोरगा सकाळी कार्ड खाली करायला बसला. तीनशे जीबी. खिडकीत वेग दिसत होता सेकंदाला ११ एमबी आणि थोड्या थोड्या वेळानं शून्य.

हा ११ चा आकडा लक्षात ठेवा. गिगाबिट लॅनवर साध्या हार्ड डिस्कचं नॅस सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देतं, म्हणजे तीनशे जीबीला पाऊण तास. ११ दिसतं म्हणजे लाइन १०० मेगाबिटवर उतरली आहे आणि तेच काम साडेसात तासांचं झालंय. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तुटली तरी दोन्ही टोकं सहसा आपापसात ठरवून १०० वर येतात, कारण त्याला चारच तारा पुरतात. कुणी तक्रार करत नाही, सगळं नुसतं मंद होतं. विंडोजच्या 'इथरनेट स्टेटस'मध्ये वेग १ जीबीपीएस आहे की १०० एमबीपीएस ते दिसतं.

आम्ही केबल भिंतीवरून ओढत गेलो तर फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यात उंदरानं दोन बोटं लांबीचं साल सोलून ठेवलं होतं. तपकिरी तार तुटलेली, पांढरी-तपकिरी एका केसावर लोंबणारी. कॅट ६ ची नवी केबल ओढली, जॅक क्रिम्प केले, वेग १०८ वर गेला. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल जॅकपाशी वाकवली की तुटते.

लाल किंवा केशरी दिवा : डिस्कचं दुखणं

इथं घाई केलीत तर डाटा जातो, म्हणून जरा सविस्तर.

'डिग्रेडेड' असा शब्द दिसला म्हणजे जोडीतली एक डिस्क बाहेर पडली आहे आणि दुसरी एकटी गाडा ओढतेय. डाटा अजून आहे. सगळ्यात आधी महत्त्वाचा भाग दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर कॉपी करून घ्या. नवी डिस्क घालून रीबिल्ड करताना, म्हणजे तिच्यावर सगळं पुन्हा उतरवताना, उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि ती जुन्या डिस्कच्याच वयाची असते.

मग नॅसमध्ये स्मार्टचे आकडे बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. पाचवा, 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर', आणि १९७ वा, 'करंट पेंडिंग सेक्टर' (हा करंट विजेचा नव्हे). हे शून्यावर असावेत. आठवड्याला वाढत असतील तर डिस्क चालली. १९९ वा, सीआरसीचा (डाटा ने-आण करताना झालेल्या चुकांचा), एकटाच वाढलेला असेल तर डिस्क चांगली असण्याची शक्यता मोठी, तिची जोडणी सैल आहे. स्टुडिओत हेच निघालं. नॅस कपाटावरून खाली ठेवताना दुसऱ्या कप्प्याचा ट्रे नीट बसला नव्हता. नॅस रीतसर बंद करून ट्रे काढून परत दाबून बसवला आणि रीबिल्ड लावलं.

डिस्क काढायची वेळ आली तर आधी स्क्रीनवरचा सिरियल नंबर कागदावर लिहा, मग तोच नंबर असलेली डिस्क काढा. 'पहिला कप्पा डावीकडचाच असणार' असं म्हणून मी एकदा चांगल्या डिस्कच्या ट्रेला हात घातला होता. अर्धा ट्रे बाहेर यायच्या आत अण्णांनीच मनगट धरलं, म्हणून वाचलो.

नवी डिस्क सीएमआर प्रकारचीच (ट्रॅक शेजारी-शेजारी असलेली) घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात. साध्या साठवणीला ते चालतं, पण रीबिल्डच्या वेळी डिस्क इतकी रेंगाळते की नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतं.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातं. अण्णांकडं आता एक यूएसबी डिस्क दर शनिवारी जोडून कॉपी होते आणि रविवारी घरी जाते. घरून बघता यावं म्हणून नॅस राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडं टाकायचा मोह आवरा. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोरानं असलीच उघडी नॅस शोधून शोधून कुलूपबंद केली होती.

एक फाइल काही केल्या जाईना

हे गायब होण्यात येत नाही, पण आपल्या भागात हमखास भेटतं. कॉम्प्युटरवर असलेली फाइल नॅसवर कॉपी करताना नाव फार लांब असल्याची तक्रार येते, आणि नाव तर शंभरच अक्षरांचं. विंडोज २५५ अक्षरं मोजतं, नॅसची फाइल सिस्टिम २५५ बाइट. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'श्री' एवढंच लिहिलं तरी बारा बाइट गेले. म्हणजे हातात उरतात ८५ चिन्हं. फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर काही नॅसवर जेमतेम ४७. कन्नड अक्षरंही तीनच बाइटची, तेवढ्यात तरी सीमाभागात कुणावर अन्याय नाही. वधूवरांची नावं, मंगल कार्यालय आणि तारीख सगळं फाइलच्या नावात कोंबायचा नाद सोडा. फोल्डरला तारीख आणि आडनाव पुरे.

यूपीएस, आणि रविवारची चाचणी

घरच्या इन्व्हर्टरवर नॅस ठेवून भागत नाही. करंट गेल्यावर इन्व्हर्टर लागायला जो पळभर उशीर होतो, तेवढ्यात नॅस धाडकन बंद पडून परत चालू होऊ शकतं. पंखा-दिव्याला ते कळतही नाही. इन्व्हर्टरच्या मागं 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर ते लावा, पण खरं औषध म्हणजे यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस. ती यूएसबी वायर नॅसला जोडायचीच. बॉक्सबरोबर आलेली वायर प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिलेली मी कितीतरी ठिकाणी बघितली आहे. वायर जोडली की नॅसला करंट गेल्याचं कळतं आणि बॅटरी संपायच्या आत ते स्वतः नीट बंद होतं. सेटिंगमध्ये पाच मिनिटांनी बंद व्हायचं आणि वीज आली की आपोआप चालू व्हायचं, दोन्ही लावा.

आणि मग खरोखर करंट घालवून बघा. आम्ही रविवारी दुपारी, स्टुडिओ बंद असताना, मेन स्विच पाडला. नॅस तगलं, पाच मिनिटांनी शहाण्यासारखं बंद झालं. पण राउटर पहिल्याच सेकंदाला विझला. तो भिंतीवरच्या साध्या प्लगवर होता, इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनी बिलाच्या टेबलाखालून एक्स्टेंशन ओढून राउटर यूपीएसवर घेतला. मी स्विच परत पाडला, या वेळी राउटरचे दिवे तसेच राहिले. पाच मिनिटांनी नॅस बंद झालं, स्विच वर केल्यावर चालू झालं, आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह हाताशिवाय उघडला. पत्ता १९२.१६८.१.५.